सीमाभागात बसून वेब होस्टिंगचे ग्राहक कसे मिळवावेत

रीसेलर होस्टिंगचे पॅकेज विकत घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे. ग्राहकांच्या साइट आणि मेल ठेवण्यासाठी एखाद्या मोठ्या कंपनीच्या सर्व्हरवरील थोडी जागा आणि तीस-चाळीस खाती आपल्याला घाऊक दराने मिळतात, डब्ल्यूएचएम नावाच्या पॅनेलमधून ती खाती आपल्या नावाने उघडता येतात, आणि मागे कोणती कंपनी आहे हे ग्राहकाला दिसतही नाही. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. बेळगाव, निपाणी, चिकोडी किंवा खानापूर येथे बसून हा व्यवसाय करणाऱ्याने ती तीस-चाळीस खाती कोणाच्या नावाने भरायची?

मी बेळगावात हा व्यवसाय लहान प्रमाणावर करतो. सुरुवातीला मी दरपत्रके छापून घेतली, ती वर्तमानपत्रांत घालून टिळकवाडी आणि शहापूर भागांत वाटली, आणि त्यातून एकही ग्राहक आला नाही. नंतर जे ग्राहक मिळाले त्यांपैकी जवळपास प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या अडचणीत सापडलेला होता. कोणाचे डोमेन, म्हणजे साइटचे नोंदवलेले नाव, मुदत संपून बंद पडले होते, कोणाचे कोटेशनचे मेल पुण्याच्या गिऱ्हाइकाकडे पोहोचत नव्हते, तर कोणाची साइट तयार करणारा मुलगा नोकरीसाठी बंगळूरला निघून गेला होता आणि पासवर्ड त्याच्याकडेच राहिला होता. पहिला ग्राहक दुकानात आला तेव्हा त्याचे शब्द एवढेच होते: "साइट उघडंना झालीया, काय तरी करा की ओ." होस्टिंग हा शब्द त्याने उच्चारला नव्हता, आणि नंतरही तो शब्द उच्चारून फार थोडे लोक माझ्याकडे आले आहेत. म्हणून होस्टिंगचे ग्राहक शोधण्याऐवजी अशा अडचणी कोठे असतात, त्या आधीच कशा ओळखाव्यात आणि त्या वेळी आपण जवळ कसे असावे, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे ठरते.

दराचा हिशेब आधी मांडावा

मोठ्या कंपन्या पहिल्या वर्षी इतक्या कमी दरात होस्टिंग देतात की त्या आकड्याशी स्पर्धा करण्याचा विचारही लहान व्यावसायिकाने करू नये. त्यांचा दुसऱ्या वर्षाचा दर बहुधा बराच जास्त असतो, पण ग्राहक खरेदी करताना पहिल्या वर्षाचाच आकडा पाहतो. शिवाय २०१९ मध्ये डब्ल्यूएचएम बनवणाऱ्या सी-पॅनेल कंपनीने सर्व्हरमागे ठरावीक शुल्क घेण्याची जुनी पद्धत सोडून खात्यांच्या संख्येनुसार शुल्क घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे अगदी स्वस्त खाती शेकड्याने भरून नफा काढण्याचा मार्गही अरुंद झाला आहे.

समजा, घाऊक पॅकेज महिन्याला २,००० रुपयांना पडते, म्हणजे वर्षाला २४,००० रुपये. ग्राहकाकडून होस्टिंगचे वर्षाला १,००० रुपये घेतले, तर केवळ हा खर्च निघण्यासाठी चोवीस ग्राहक लागतात, आणि त्या चोवीस जणांचे फोन घेण्याची मजुरी शून्य धरावी लागते. हाच दर ३,००० रुपये ठेवला तर आठ ग्राहकांत खर्च निघतो आणि नववा ग्राहक कमाईचा होतो. डोमेनचे पैसे यात धरू नयेत. ते वेगळे दाखवावेत, कारण त्यात आपल्याला फारसे काही उरत नाही आणि ग्राहकाला मात्र ते एकत्र दाखवल्यास होस्टिंग महाग वाटते. पहिल्या वर्षाचे उद्दिष्ट म्हणून आठ ते दहा चांगले ग्राहक पुरेसे आहेत, आणि एवढे ग्राहक शोधायला जाहिरातीची गरज पडत नाही, पायपिटीची पडते.

पहिले वर्ष फुकट देण्याचा मोह मात्र टाळावा. मी तो प्रयोग केला आहे. फुकट घेतलेल्या वस्तूची दुसऱ्या वर्षी किंमत मागितली की ग्राहकाला ती दरवाढच वाटते.

कोणाला गरज आहे आणि कोणाला नाही

कुंदा या मिठाईच्या किंवा कपड्यांच्या लहान दुकानाला स्वतःची वेबसाइट लागतेच असे नाही. गुगलवरील व्यवसायाची नोंद, व्हॉट्सअ‍ॅप आणि काही चांगली छायाचित्रे एवढ्यावर त्याचे काम चालते, आणि हे त्याला आपणच स्पष्ट सांगावे. अशा दुकानदाराला वेबसाइट विकली तर ती वर्षभर कोणी पाहत नाही आणि नूतनीकरणाच्या वेळी तो पैसे देत नाही. उलट "तुम्हाला याची गरज नाही" असे ऐकलेला दुकानदार आपल्या कारखानदार मेहुण्याला आपल्याकडे पाठवतो, असा माझा एकापेक्षा अधिक वेळचा अनुभव आहे.

उद्यमबाग या बेळगावच्या औद्योगिक वसाहतीतील फौंड्री, मशीन शॉप आणि हायड्रॉलिक सुटे भाग बनवणारे लहान कारखाने यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे गिऱ्हाईक पुणे, चेन्नई किंवा परदेशात असते, आणि पुरवठादार म्हणून नोंदणी करताना कंपनीच्या नावाचा मेल पत्ता असलेला बरा असतो. त्यांना साइटपेक्षा मेल महत्त्वाचा वाटतो. ड्रॉइंग, कोटेशन आणि खरेदीचे आदेश मेलवर येतात. एखादा मेल स्पॅममध्ये पडला तर कामच हातचे जाऊ शकते. अशा ग्राहकाशी बोलताना डिस्कची जागा किंवा बँडविड्थ यांचा उल्लेखही करू नये, त्याच्या मेलविषयीच बोलावे.

शाळा आणि महाविद्यालये हा दुसरा महत्त्वाचा वर्ग आहे. सीबीएसईशी संलग्न शाळांना विशिष्ट माहिती स्वतःच्या वेबसाइटवर जाहीर करणे बंधनकारक आहे, आणि नॅक या दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या मूल्यांकनाला सामोऱ्या जाणाऱ्या महाविद्यालयांना अहवाल व पुराव्याची कागदपत्रे साइटवर ठेवावी लागतात. मूल्यांकनाच्या आधीच्या महिन्यांत या साइट्सवर शेकडो पीडीएफ चढतात, आधीच्या पॅकेजची जागा संपते, आणि जबाबदारी दिलेला प्राध्यापक हवालदिल होतो. विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठ १९९८ पासून बेळगावात आहे आणि जिल्ह्यात महाविद्यालये भरपूर आहेत, त्यामुळे हे काम तालुक्याच्या गावांतही निघते. संस्थांकडून पैसे उशिरा येतात, पण सहसा येतात. बिलावर सही करणारी व्यक्ती बदलली तर सगळे पुन्हा समजावून सांगावे लागते, एवढीच तयारी ठेवावी.

सौहार्द सहकारी संस्था आणि पतसंस्था निपाणी-चिकोडी पट्ट्यात मोठ्या संख्येने आहेत. त्यांची साइट साधी असते: संचालक मंडळ, ठेवींचे दर, शाखांचे पत्ते. हे काम घेण्यास हरकत नाही, मात्र ठेवीदारांची खाती किंवा व्यवहार आपल्या सामायिक सर्व्हरवर ठेवण्याची जबाबदारी कधीही स्वीकारू नये. सहकारी बँकांचा प्रश्न आणखी वेगळा आहे. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक-डॉट-इन या डोमेनवर जाण्यास सांगितले होते आणि त्याची नोंदणी आयडीआरबीटी या एकाच संस्थेमार्फत होते. तेथे रीसेलरला वाव नाही, हे माहीत नसताना बँकेच्या व्यवस्थापकासमोर बसले तर पहिल्याच प्रश्नात आपली परीक्षा होते.

जांबोटी-चोर्ला मार्गावरील निवासाची ठिकाणे आणि अथणी-निपाणीकडील चपलांचे व्यापारी यांच्याकडेही काम मिळते. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात २०१९ पासून बेळगाव जिल्ह्याचाही समावेश असल्यामुळे काही व्यापाऱ्यांना स्वतःच्या नावाने ऑनलाइन विक्री करावीशी वाटते. त्यांना होकार देण्याआधी पार्सल कोण भरणार आणि माप चुकल्यास परत आलेल्या जोडाचे काय करणार, हे विचारावे. याचे उत्तर तयार नसेल तर ते दुकान वर्षभरात बंद पडते, आणि आपले खातेही.

वहीत पन्नास नावे

ग्राहक शोधण्याची माझी पद्धत साधी आहे आणि तिला खर्च येत नाही. एक वही घ्यावी आणि उद्यमबागेतून, रविवार पेठेतून किंवा आपल्या तालुक्याच्या बाजारपेठेतून फिरताना फलक, मालवाहू गाड्या, व्हिजिटिंग कार्डे आणि आपल्याला मिळालेली पक्की बिले यांवरील मेलचे पत्ते टिपून घ्यावेत. ज्यांचा पत्ता जीमेलचा आहे ते एका बाजूला आणि ज्यांचे स्वतःचे डोमेन आहे ते दुसऱ्या बाजूला लिहावेत. नवख्या माणसाला वाटते की जीमेलवाल्यांकडे आधी जावे, कारण त्यांच्याकडे काहीच नाही. माझे मत उलटे आहे. ज्याने एकदा डोमेनसाठी पैसे मोजले आहेत त्याला त्याचे महत्त्व पटलेले असते. त्याला फक्त सांभाळणारा माणूस हवा असतो.

दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक नावापुढे घरी येऊन चार गोष्टी लिहाव्यात. साइट मोबाइलवर उघडते का आणि ब्राउझर ती "सुरक्षित नाही" असे दाखवतो का, हे पहिले. पानाच्या तळाशी कोणते वर्ष छापलेले आहे, हे दुसरे. तेथे २०१६ किंवा २०१७ दिसले तर त्या साइटकडे तेव्हापासून बहुधा कोणी पाहिलेले नाही. हूइज या डोमेनांच्या सार्वजनिक नोंदीत डोमेनची मुदत केव्हा संपते, हे तिसरे. ही तारीख सर्वांना पाहता येते, आणि ती दोन महिन्यांवर आली असेल तर त्या माणसाला आपली गरज लवकरच पडण्याची शक्यता आहे. चौथी गोष्ट म्हणजे त्या डोमेनला एसपीएफ आणि डीमार्कच्या नोंदी, म्हणजे मेल खरोखर त्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या नोंदी, आहेत का; याही नोंदी सार्वजनिक असतात आणि कोणत्याही तपासणी साइटवर क्षणात दिसतात.

या चौथ्या गोष्टीचे महत्त्व अलीकडे फार वाढले आहे. गुगलने फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलकडे मेल पाठवणाऱ्यांसाठी नियम कडक केले. दिवसाला ५,००० मेल पाठवणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि डीमार्क ही तिन्ही सक्तीची झाली, आणि त्याहून कमी पाठवणाऱ्यांनाही पहिल्या दोनपैकी किमान एक लागते. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी उघडून दिलेल्या मेल खात्यांना यांपैकी काहीच नसते. कारखानदार "मेल जातो पण समोरच्याला मिळत नाही" असे म्हणतो, तेव्हा कारण पुष्कळदा एवढेच असते.

येथे एक सीमा पाळावी. जे सर्वांना दिसते तेवढेच पाहावे. साइटच्या लॉगिन पानावर पासवर्ड चालवून पाहणे किंवा त्रुटी शोधणारी साधने दुसऱ्याच्या सर्व्हरवर सोडणे हे परवानगीशिवाय केले तर माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अडचणीत आणू शकते, आणि ग्राहकालाही ते आवडत नाही.

यानंतर भेटीला जावे. जाताना एका कागदावर मराठीत तीन-चार ओळी छापून न्याव्यात: तुमच्या डोमेनची मुदत अमुक तारखेला संपते, साइटचे सुरक्षा प्रमाणपत्र चालू नाही, मेलसाठी आवश्यक असलेली नोंद नाही. भीती घालणारी भाषा वापरू नये आणि त्या भेटीत दरही सांगू नये. मालक कामात असेल तर कागद हिशेबनिसाकडे ठेवून यावे. डोमेनचे बिल शोधायला शेवटी तोच जातो. पन्नास नावांपैकी बहुतेकांचा फोन कधीच येणार नाही. काहींचा दोन-तीन महिन्यांनी येतो, आणि तो जवळपास नेहमी काहीतरी बंद पडल्यावरच येतो.

भेटीऐवजी साध्या दहा अंकी क्रमांकावरून सरसकट जाहिरातीचे फोन करण्याचा मार्ग मात्र घेऊ नये. दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार अशा फोनची तक्रार होऊ शकते आणि जोडणीही जाऊ शकते. व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटातही महिन्याला एकच उपयुक्त संदेश टाकावा, तोही जाहिरातीचा नसावा.

डोमेन कोणाच्या नावावर आहे

पहिल्या संभाषणात हाच प्रश्न विचारावा. सीमाभागात मी पाहिलेल्या साइट्सपैकी कितीतरी साइट्सचे डोमेन मालकाच्या नावावर नसून ज्याने साइट बनवली त्याच्या नावावर होते. खानापूर तालुक्यातील एका निवासस्थळाचे डोमेन असेच एका मुलाच्या खात्यात होते. त्याचा फोन बदलला होता आणि मेल बंद होता. मुदत संपल्यावर मिळणारे सवलतीचे दिवस शोधाशोधीत गेले, पुढे दंड भरून नाव सोडवण्याची ३० दिवसांची मुदतही गेली, आणि शेवटी नवे नाव घेऊन फलक, कार्डे आणि बिलबुके सगळे पुन्हा छापावे लागले. त्या मालकाला मी काहीच विकू शकलो नव्हतो तोपर्यंत, पण त्या काळात त्याने मला ओळखले.

आपल्या ग्राहकाचे डोमेन नेहमी त्याच्या नावाने, त्याच्या मेलवर आणि त्याच्या फोनवर नोंदवावे, आणि दुसरीकडे जाण्यासाठी लागणारा संकेत मागितल्याबरोबर द्यावा. ग्राहक पळून जाईल या भीतीने तो अडवून ठेवणारे व्यावसायिक पुष्कळ आहेत. त्यांच्यामुळेच आपल्याला काम मिळते. बदलायला घाबरणाऱ्या ग्राहकाला हेही सांगावे की होस्टिंग हलवण्यासाठी डोमेन हलवावे लागत नाही, फक्त नेमसर्व्हर, म्हणजे त्या नावाचा सर्व्हर कोठे आहे हे सांगणारे पत्ते, बदलावे लागतात. या पत्त्यांच्या जुन्या डीएनएस नोंदींची टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर त्या किती वेळ लक्षात ठेवतात ती मुदत, आदल्या दिवशी कमी करून ठेवावी, जुने मेल आयमॅप या पद्धतीने उतरवून घ्यावेत आणि बदल कारखान्याच्या साप्ताहिक सुटीच्या दिवशी करावा, म्हणजे सोमवारी कोणाला काही कळतही नाही.

मधली माणसे

वहीतून पहिले चार-पाच ग्राहक मिळतात. त्यापुढचे बहुतेक ग्राहक मला दुसऱ्या कोणीतरी पाठवले आहेत, आणि त्यांत सर्वांत जास्त वेबसाइट बनवणाऱ्या मुलांनी. अभियांत्रिकी किंवा बीसीए झालेली अनेक मुले घरून वर्डप्रेसच्या साइट्स बनवतात. त्यांना रंगसंगती आणि मांडणी यांत रस असतो. रात्री अकरा वाजता मेल बंद पडल्याचा फोन घेण्यात नसतो. त्यांना त्यांच्याच नावाखाली खाती उघडून द्यावीत, आपले नाव कोठेही दिसू देऊ नये, आणि ग्राहकाची तांत्रिक अडचण आपण सोडवावी. मोबदला एकदाच न देता दर वर्षीच्या नूतनीकरणातून द्यावा. समजा ३,००० रुपयांतून ६०० रुपये दर वर्षी त्या मुलाला मिळाले, तर पाच वर्षांत त्याचे ३,००० होतात, आणि तो ग्राहक टिकावा यात त्याचाही स्वार्थ राहतो. एकरकमी कमिशन घेतलेला माणूस दुसऱ्या दिवशी विसरतो.

या नात्यात दोन नियम लेखी ठरवावेत. त्यांच्या ग्राहकाला आपण साइट बनवून देण्याचा प्रस्ताव कधीही देणार नाही, हा पहिला. मुलगा नोकरीसाठी बाहेरगावी गेला तर ग्राहक थेट आपल्याकडे येईल, हा दुसरा. कारण तो जाण्याची शक्यता नेहमीच असते.

संगणक आणि सीसीटीव्ही दुरुस्त करणारे, टॅलीची विक्री व सेवा देणारे आणि छापखानेवाले हीही उपयोगी माणसे आहेत. मेल बंद पडला की कारखान्यातून पहिला फोन टॅलीवाल्याला जातो, मग त्याचा मेलशी संबंध असो वा नसो. छापखानेवाल्याला तर नव्या व्यवसायाची बातमी सर्वांच्या आधी कळते, कारण लेटरहेडचा मजकूर त्याच्याकडे आलेला असतो. चार्टर्ड अकाउंटंटांना मात्र कमिशन देऊ करू नये. त्यांच्या आचारसंहितेत ते बसत नाही आणि देऊ केल्यास आपल्याविषयीचे मत बिघडते. त्यांच्या कार्यालयाचे मेल नीट सांभाळून दिले तर ते आपणहून नाव सुचवतात.

तीन भाषांचा उपयोग

बेळगावातील व्यवहार मराठी, कन्नड आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून चालतो, आणि दूरच्या कंपनीच्या मदत कक्षाला हे जमत नाही. ग्राहकाला त्याच्या भाषेत समजावणे हे तर आहेच, पण साइटवर तिन्ही भाषा नीट दिसणे हे तांत्रिक कामही आहे. जुन्या मराठी साइट्स युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये बनवलेल्या असतात. तो फाँट मोबाइलवर नसल्यामुळे मजकूर निरर्थक अक्षरांत दिसतो आणि गुगलला तो शोधताही येत नाही. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणे आणि डेटाबेसची मांडणी युटीएफ-८ या युनिकोडच्या पद्धतीची करून देणे, हे काम होस्टिंगसोबत दिले तर संस्था, वाचनालये आणि शाळा आनंदाने येतात. देवनागरीतील डॉट-भारत डोमेन २०१४ पासून मिळते. ते दुसरे नाव म्हणून जरूर द्यावे, पण देवनागरी पत्त्यावरचा मेल सगळीकडे चालत नसल्यामुळे मुख्य नाव रोमन लिपीतच ठेवण्याचा सल्ला द्यावा.

स्वतःच्या कचेरीचा फलक लावताना कर्नाटकातील कन्नड भाषाविषयक कायद्याच्या २०२४ च्या दुरुस्तीनुसार किमान ६० टक्के मजकूर कन्नडमध्ये असावा लागतो, हे रंगाऱ्याला आधीच सांगावे. आपल्या साइटचेही एक पान कन्नडमध्ये असू द्यावे. गोकाक, बैलहोंगल किंवा रामदुर्गचा ग्राहक ते पान पाहूनच फोन करतो.

सीमेपलीकडचा ग्राहक आणि कराचे बिल

चंदगड तालुक्यातील लोकांची बाजारपेठ बेळगाव आहे, शिनोळीची औद्योगिक वसाहत शहरापासून जवळ आहे, आणि निपाणीच्या माणसाला कागल परके नाही. त्यामुळे महाराष्ट्रातील ग्राहक वगळण्याचे कारण नाही. होस्टिंगवर १८ टक्के जीएसटी लागतो. कर्नाटकातील ग्राहकाच्या बिलात तो केंद्र आणि राज्य असा निम्मा-निम्मा दाखवला जातो, तर शिनोळी किंवा गडहिंग्लजच्या ग्राहकाच्या बिलात आयजीएसटी येतो. सेवा देणाऱ्यांना वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि ही सवलत राज्याबाहेर सेवा दिली तरी लागू राहते. पण घाऊक पॅकेज परदेशी कंपनीकडून घेतले तर उलट आकारणीमुळे, म्हणजे कर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा असल्यामुळे, नोंदणी करावी लागण्याची वेळ येते, म्हणून पॅकेज घेण्यापूर्वीच कर सल्लागाराशी बोलावे. नोंदणीकृत कारखानदाराला करवजावट हवी असते. आपल्याकडे जीएसटी नंबर नसेल तर तो पुष्कळदा पुढे बोलतच नाही.

उधारीविषयी कठोर राहावे. उद्यमबागेत साठ-नव्वद दिवसांनी पैसे देण्याची रीत आहे आणि ती तेथील मालाच्या व्यवहाराला शोभते. डोमेन नोंदणी करणारी कंपनी मात्र आपल्याकडून पैसे आधी घेते. मुदत संपण्याच्या पंचेचाळीस दिवस आधी बिल, पंधरा दिवस आधी फोन आणि तीन दिवस आधी स्वतः भेट, असा क्रम मी ठेवला आहे.

कोणाला नकार द्यावा

सामायिक सर्व्हरवर एकाच आयपी पत्त्यावरून सगळ्यांचे मेल जातात. एका ग्राहकाने विकत घेतलेल्या यादीवर दहा हजार जाहिराती पाठवल्या, तर तो पत्ता काळ्या यादीत जातो आणि उद्यमबागेतील कारखानदाराचे कोटेशन अडकते. म्हणून घाऊक मेल पाठवू इच्छिणाऱ्याला नकार द्यावा. चोरीचे थीम आणि प्लगइन वापरणाऱ्यालाही द्यावा. त्यांतून शिरलेला उपद्रवी कोड शेजारच्या खात्यांनाही त्रास देऊ शकतो. स्थानिक बातम्यांच्या साइट्स निवडणुकीच्या दिवशी सर्व्हर दमवतात आणि बिल मात्र लहान पॅकेजचे भरू पाहतात. त्यांना स्वतंत्र सर्व्हर घेण्यास सुचवावे.

प्रत्येक नव्या ग्राहकाची ओळख, पत्ता आणि फोन यांची नोंद ठेवावी. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ मधील निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवाव्या लागतात आणि सर्व्हरच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. आपल्या वरच्या कंपनीकडे याची काय सोय आहे ते पॅकेज घेतानाच विचारून ठेवावे.

बॅकअप आणि बंद पाकीट

काही वर्षांपूर्वी माझ्या वरच्या कंपनीच्या सर्व्हरची डिस्क बिघडली. बॅकअप आहे असे ती कंपनी सांगत होती आणि तो होताही, पण त्याच सर्व्हरवर. माझ्या ग्राहकांचे दोन दिवसांचे मेल गेले. मी प्रत्येकाकडे स्वतः जाऊन सांगितले. दोघे सोडून गेले, बाकीचे राहिले. जे राहिले त्यांनी मात्र त्यानंतर बराच काळ कोणालाही माझ्याकडे पाठवले नाही. तेव्हापासून रोजचा बॅकअप वेगळ्या कंपनीच्या वेगळ्या शहरातील जागेत जातो, आणि दर तीन महिन्यांनी एक खाते त्यातून खरोखर परत उभे करून मी पाहतो. नवा ग्राहक विचारतो तेव्हा मी त्याला ही चाचणी दाखवतो, दरपत्रक नव्हे.

अनुभवी कारखानदार आणखी एक प्रश्न विचारतो: उद्या तुम्ही नसलात तर आम्ही कोणाकडे जायचे? एकट्याने चालणाऱ्या व्यवसायाला हा प्रश्न विचारणे योग्यच आहे. मी प्रत्येक ग्राहकाला त्याच्या डोमेनचा, पॅनेलचा आणि मेलचा तपशील एका बंद पाकिटात घालून देतो. पाकिटावर तारीख असते, आणि पासवर्ड बदलला की नवे पाकीट जाते. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याने ते पाकीट माझ्यासमोरच तिजोरीत ठेवले आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारून बोलावून घेतले.